चर्चचे स्वयंसेवक शिकतात, आपण नुसते धावतो

26 जुलै 2005 ला सांताक्रूझच्या वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम 73. म्हणजे एकाच शहरात कुलाब्याच्या माणसाला छत्री पुरली, आणि सांताक्रूझ, खार, कालिना, कुर्ल्याच्या लोकांना पोटमाळ्यावर चढावं लागलं. खारदांडा तर सांताक्रूझला चिकटूनच आहे. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नाले. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की नाल्याचं पाणी समुद्र घेत नाही, ते परत वस्तीत शिरतं. त्यासाठीच तर पुढे गझदरबंधला पाणी उपसायचं पंपिंग स्टेशन बांधावं लागलं.

हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण तेव्हा पाळण्यात असतील, काहींचा जन्मही झाला नसेल. पण त्या रात्रीचे किस्से घराघरात ऐकलेले असतात. मशिदींचे दरवाजे उघडले, चर्चच्या हॉलमध्ये लोक झोपले, कुणी खिचडी शिजवली, कुणी रेल्वेच्या रुळांवरून चालत आलेल्या अनोळखी माणसाला कोरडे कपडे दिले. हे सगळं खरं आहे आणि त्याचा अभिमान वाटायलाच हवा. कोविडमध्ये तर मुंबईच्या मुस्लिम तरुणांनी बेवारस मृतदेहांवर ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे अंत्यसंस्कार केले, सख्खे नातेवाईक जवळ यायला घाबरत होते तेव्हा. भिवंडीत शांतीनगरच्या मक्का मशिदीत रुग्णांना ऑक्सिजनची सोय झाली. धावून जाण्यात आपण कमी पडलो, असं कुणी म्हणू शकणार नाही.

माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे. धावून गेल्यावर तिथे ठरवतं कोण? कुठल्या गल्लीत आधी जायचं, कुणाला आधी बाहेर काढायचं, आणि सगळ्यात अवघड म्हणजे, कुणाला थांबवायचं? यासाठी हिंमत पुरत नाही, शिकावं लागतं. आणि हे शिकण्याच्या बाबतीत चर्चच्या संस्था आपल्या बऱ्याच पुढे आहेत.

न शिकता धावण्याची किंमत काय असते ते बघा. 1985 साली मेक्सिको सिटीत भूकंप झाला. सामान्य नागरिकांनी ढिगाऱ्यातून 800 च्या वर माणसं जिवंत काढली, पण ते करताना त्यांच्यातलेच 100 हून अधिक जण दगावले. ते बघून लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने ठरवलं की लोक मदतीला येणारच, त्यांना अडवण्यापेक्षा शिकवलेलं बरं. तिथून नागरी बचाव पथकांची कल्पना जगभर गेली. इतक्या लांब जायला नको असेल तर सांगलीजवळचं ब्रह्मनाळ आठवा. ऑगस्ट 2019 च्या महापुरात गावातली बोट लोकांना बाहेर काढत होती. बोटीत झेपतील त्यापेक्षा जास्त माणसं चढली, ती उलटली आणि डझनभराहून अधिक जण बुडाले. त्यात कुणाचाही हेतू वाईट नव्हता. किनाऱ्यावर उभं राहून 'आता बस, पुढच्या फेरीला' असं सांगणारा आणि ज्याचं ऐकलं जाईल असा एक माणूस तिथे हवा होता. मुंबईत 29 ऑगस्ट 2017 ला डॉ. दीपक अमरापूरकर उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. पाणी उतरावं म्हणून झाकण काढायचं आणि घरी निघून जायचं, ही आपली जुनी खोड. मॅनहोलपाशी काठी आणि लाल फडकं घेऊन एक पोरगा उभा करायचा असतो, हे पाच मिनिटांचं प्रशिक्षण आहे.

आता चर्चकडे येऊ. कासा ही प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चची संस्था 1947 साली फाळणीतल्या निर्वासितांसाठी उभी राहिली. कॅरिटास इंडिया ही कॅथलिक संस्था 1962 ची. दोन्ही अनेक दशकं पूर, वादळ, भूकंपात काम करत आल्या, आणि त्यातून त्यांना एक गोष्ट कळली की ब्लँकेट वाटणं हे शेवटचं काम आहे. आधी गावातली, पॅरिशमधली माणसं तयार करायची. धोक्याची ठिकाणं नकाशावर काढायची, घरोघरची यादी करायची, कामं वाटून द्यायची, सराव करायचा. माणसाला रोज किमान 15 लिटर पाणी, निवाऱ्यात डोईमागे साडेतीन चौरस मीटर जागा, ही 'स्फिअर' नावाची आंतरराष्ट्रीय मापं त्यांच्या कार्यकर्त्यांना माहीत असतात. आपल्याकडे रिलीफ कॅम्प लागला की पहिल्या दिवशी बिर्याणी येते आणि तिसऱ्या दिवशी बायकांना संडासला कुठे जायचं हा प्रश्न येतो.

नेतृत्वाचं प्रशिक्षण म्हणजे भाषण करायला शिकवणं नव्हे. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2010 मध्ये आपत्तीतल्या कामाची एक पद्धत ठरवून दिली. एक जण प्रमुख. त्याच्या हाताखाली प्रत्यक्ष बचाव करणारे, माहिती आणि नियोजन बघणारे, सामान पुरवणारे असे वेगवेगळे गट. आणि एका माणसाने तीन ते सात जणांनाच, शक्यतो पाच जणांनाच सांभाळायचं. आपल्या मोहल्ल्यात नेमकं उलटं होतं. पन्नास पोरं, पन्नास फोन आणि एक व्हॉट्सअॅप ग्रुप, ज्यात सगळे ॲडमिन.

मुंबईच्या कॅथलिक पॅरिशमध्ये आणखी एक गोष्ट आहे, जी मला सगळ्यात मोलाची वाटते. 1980 च्या दशकापासून इथे पॅरिशचे छोटे छोटे शेजारगट करण्याची पद्धत आहे. आसपासची काही घरं मिळून एक गट. ते एकमेकांच्या घरी जमून प्रार्थना करतात, आजारी माणसाची विचारपूस करतात. त्याचा हेतू धार्मिकच आहे. पण पाणी चढायला लागतं तेव्हा ही रचना बचावाची रचना होते, कारण कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, कुणाला डायलिसिस लागतं, कुणाकडे आठ दिवसांचं बाळ आहे, हे शेजारगटाला आधीच ठाऊक असतं. खारदांड्यात कोळीवाड्याला लागून चुईमचं जुनं ख्रिस्ती गावठाण आहे. तिथल्या गल्ल्यांत रुग्णवाहिका कशी शिरणार? माहिती असलेला शेजारी हीच तिथली रुग्णवाहिका.

मशिदीत रोज पाच वेळा माणसं जमतात, जुम्म्याला तर जागा पुरत नाही. इतकं नियमित जमणारी दुसरी संस्था या शहरात दाखवा. तरी ट्रस्टींना विचारा, तुमच्या जमातीत एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रिया किती? चंदा देणाऱ्यांचं रजिस्टर असतं, हे रजिस्टर नसतं.

आणि ते नसण्याचं कारण आपल्याला ठाऊक आहे. घराघरातली ही माहिती बायकांकडे असते आणि आपल्या कमिट्यांवर बायका नाहीत. 26 जुलै 2005 हा मंगळवार होता, पाऊस दुपारी चढला. त्या वेळी वस्तीत होतं कोण? कमावते पुरुष अंधेरीला, फोर्टात, लोकलमध्ये अडकलेले. घरात बायका, म्हातारे आणि शाळेतून परतलेली मुलं. म्हणजे कमिटी बाहेर आणि पाणी घरात. मग पथकाचं नेतृत्व कुणाला शिकवायचं?

यावर धार्मिक कारणं पुढे करणाऱ्यांनी बांगलादेशकडे बघावं. 1970 च्या भोला चक्रीवादळात तिथे काही लाख माणसं मेली. 1972 मध्ये रेड क्रॉसच्या पुढाकाराने किनाऱ्यावर स्वयंसेवकांची उभारणी सुरू झाली, पुढे सरकारही त्यात आलं. 1991 च्या वादळात तरीही सुमारे 1 लाख 38 हजार बळी गेले आणि त्यांत बायकांची संख्या पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त होती. कारणं शोधली तेव्हा कळलं की कित्येक जणी घरातल्या पुरुषाच्या परवानगीची वाट बघत राहिल्या, कित्येकींना निवाऱ्यात परक्या पुरुषांच्या गर्दीत जायची लाज वाटली. त्यावर त्या देशाने उपाय केला. निवाऱ्यात बायकांची वेगळी सोय झाली आणि बायकांनाच स्वयंसेवक केलं. आज तिथल्या 76 हजारांच्या आसपास स्वयंसेवकांत निम्म्या स्त्रिया आहेत. मशिदीच्या माइकवरून इशारा दिला जातो आणि दारावर थाप मारायला शेजारची बाईच येते. 2020 च्या अम्फान वादळात तिथली मृतसंख्या दोन आकड्यांत राहिली. तो मुसलमानांचाच देश आहे, तिथल्या मौलवींनाही दीन कळतो.

(माइकवरून आठवलं. आपल्याकडे भोंग्यांचं जे राजकारण झालं, त्यानंतर इशाऱ्यासाठी मशिदीच्या माइकवर विसंबून राहू नये. बॅटरीवर चालणारा मेगाफोन घ्या. तो चर्चच्या पोरालाही धरता येतो.)

'चर्चकडून शिकायचं म्हणजे त्यांचा दुसरा काही हेतू असणार' ही कुजबूज होईलच. ही कुजबूज ऐकून मला हसू येतं, कारण अगदी याच शब्दांत आपल्या मदतकार्याबद्दलही बोललं जातं. 1994 मध्ये रेड क्रॉस आणि इतर मदतसंस्थांनी एक आचारसंहिता ठरवली. मदत गरज बघून द्यायची, जात-धर्म बघून नाही, आणि मदतीच्या आडून धर्माचा किंवा राजकारणाचा प्रचार करायचा नाही. ती बनवणाऱ्यांमध्ये कॅथलिकांची जागतिक संस्था कॅरिटास होती, वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेसही होती. तेव्हा संशय असेल तर त्यांना त्यांचीच संहिता दाखवा. आणि तीच आपल्या ट्रकवरच्या भल्यामोठ्या बॅनरलाही लावून बघा.

केरळमध्ये 2018 च्या पुरात किनाऱ्यावरच्या चर्चमधून आवाहनं झाली आणि मच्छीमार साडेसहाशेहून अधिक बोटी ट्रकवर घालून निघाले. सरकारी हिशेबाने त्यांनी 65 हजारांच्या आसपास लोक वाचवले. बायकांना बोटीत चढता यावं म्हणून पाण्यात ओणवा होऊन पाठीची पायरी करणारा तरुण तुम्ही व्हिडिओत पाहिला असेल, तो मलप्पुरमचा मुसलमान मच्छीमार होता. पुढच्याच वर्षी कवलप्पाराला दरड कोसळली. रुग्णालय लांब होतं, तेव्हा पोथुकल्लूच्या मशिदीने नमाजाची जागा शवविच्छेदनासाठी दिली. तिथे आणलेल्या मृतदेहांचा धर्म विचारला गेला नाही. माझ्या दृष्टीने नेतृत्व म्हणतात ते हे. एका कमिटीने काही मिनिटांत अवघड निर्णय घेतला आणि तो निभावला.

पैशाचा प्रश्न छोटा आहे. जकातीचे आठ हक्कदार ठरलेले आहेत, त्यामुळे दोर, टॉर्च, लाइफ जॅकेट, प्रथमोपचार पेटी यांसाठी ती रक्कम ओढाताण करून वळवू नये. सदका आणि लिल्लाह आहे. शिकवणारेही शोधावे लागत नाहीत. 'आपदा मित्र' योजनेत 18 ते 40 वयाच्या स्वयंसेवकांना 12 दिवसांचं प्रशिक्षण मिळतं, मुंबईतही ते झालेलं आहे. परळला महापालिकेची आपत्ती व्यवस्थापनाची प्रशिक्षण संस्था आहे, सिव्हिल डिफेन्स आहे. फक्त कुणीतरी एच पश्चिम वॉर्डाच्या ऑफिसात जाऊन नावांची यादी द्यायला हवी.

ती यादी निव्वळ मुसलमान पोरांची असू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. खारदांडा परिसरात मशिदीचं एक पथक, चर्चचं दुसरं, कोळी समाजाचं तिसरं असं झालं तर भरतीच्या वेळी एकाच चिंचोळ्या गल्लीत तीन पथकं एकमेकांना वाट देत उभी राहतील. एकच यादी असावी. प्रत्येक गल्लीला एक प्रमुख आणि एक उपप्रमुख, दोघांपैकी एक तरी बाई. पॅरिशच्या शेजारगटाचा नमुना घ्यावा, त्यात सगळ्यांची घरं भरावीत.

या पथकाला बोटींचीही माहिती हवी. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, म्हणजे 26 जुलैसारख्या दिवशी दांड्याच्या बोटी समुद्रात नसतात आणि त्या चालवणारे घरी असतात. साचलेल्या पाण्यात मोठी बोट चालत नाही, पण छोटी होडी चालते, आणि हे पाणी ओळखणारी माणसं दुसरी कुठली असणार? कुणाची होडी कुठे ठेवलेली आहे, वल्ही कुणाच्या घरात आहेत, रात्री दोन वाजता कुणाचं दार ठोठवायचं, हे मे महिन्यातच लिहून घ्यावं लागेल. त्या कागदाची एक प्रत चर्चच्या ऑफिसात, एक मशिदीत आणि एक मच्छीमार सोसायटीत लावायला हवी. महापालिकेच्या नियंत्रण कक्षाचा 1916 हा नंबर त्यावर सगळ्यात वर.