जंगलातली की बाटलीतली?

आधीच कबूल करते, मी कॉन्व्हेंटवाली. झाडांची लॅटिन नावं पाठ, पण धुऱ्यावरची गुळवेल दाखवायला आजीच लागायची. त्यामुळे वनस्पतींवर मराठीत लिहिणं म्हणजे माझी व्हायवाच!

विषय निघाला होस्टेलवर. परीक्षेआधी रूममेटच्या घरून सफेद मुसळीची पावडर आली. डब्यावर छापलेलं, 'शुद्ध जंगली'. झालं, रात्री एक वाजता वाद सुरू. एक गट म्हणे, जंगलातलीच खरी, टिश्यू कल्चरची म्हणजे ब्रॉयलर कोंबडी. दुसरा म्हणे, लॅबची स्वच्छ आणि एकसारखी. मला मात्र आमचे मोठे बाबा आठवले.

२००० सालाच्या सुमारास विदर्भात मुसळीची लाट आली होती. मंगरूळपीर तालुक्यातल्या आमच्या वावरात मोठ्या बाबांनीही कर्ज काढून ती लावली. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण ही गोष्ट घरात इतक्यांदा ऐकलीय की पाठ झाली. आमची काळी जमीन पाणी धरून ठेवते, त्यात अर्धी मुळं सडली. उरलेली वाळवून नेली तर व्यापारी म्हणाला, "भाऊ, वावरातली हाय, जंगलातल्यावानी कस नाही हिच्यात." भाव पडला तो पडलाच. त्याने काही तपासलं नव्हतं! कर्ज फेडण्यात मात्र कित्येक वर्षं गेली.

म्हणून विचारावंसं वाटतं, हा 'कस' म्हणजे नेमकं काय? मुसळीत तो मुख्यतः सॅपोनिन नावाच्या द्रव्यांवरून पाहतात. झाड अशी द्रव्यं आपल्यासाठी बनवत नाही. कीड, बुरशी यांच्यापासून स्वतःला वाचवायला बनवतं. लॅबच्या बाटलीत आयती साखर, ठरलेला उजेड आणि शत्रू कोणीच नाही. तिथे रोप आळशी होऊ शकतं (सबमिशन नसलं की आपण होतो तसंच!). इथपर्यंत जंगलवाले बरोबर.

पण मुसळीचं रोप कायम बाटलीत राहत नाही. ते शेतात जातं, ऊनपाऊस सोसतं. शिवाय ते आईची नक्कल असतं, म्हणजे मातृरोप कसदार निवडलं तर गुण घेऊनच येतं. आणि लॅबमध्येही पेशींना 'संकट आलंय' असा खोटा निरोप देणारी मिथाइल जास्मोनेटसारखी रसायनं घालून अनेक वनस्पतींत औषधी द्रव्य वाढवता येतं. जपानमध्ये १९८० च्या दशकात शिकोनिन हे द्रव्य टाकीत वाढवलेल्या पेशींपासून कारखान्यात बनू लागलं. त्या पेशींत ते मुळांपेक्षाही जास्त निघालं!

उलट, जंगलातली मुळी नेहमी कसदारच असते का? पावसाळा सरताना मुसळीची पानं पिवळी पडतात, तरी मुळी पुढे काही महिने जमिनीत पिकू द्यावी लागते. जंगलात मात्र 'मी नाही काढली तर दुसरा नेईल' या घाईत ती अनेकदा कोवळीच उपटतात. या मुसळीचं शास्त्रीय नाव आपल्या बोरिवलीवरून पडलंय, पण आज रानात ती दुर्मिळ होत चाललीय. सह्याद्रीतल्या नरक्याचं तेच. कर्करोगावरच्या औषधांना लागणाऱ्या कॅम्पटोथेसिनसाठी त्याची झाडंच्या झाडं तोडली गेली.

माझं मत स्पष्ट आहे. 'जंगली की लॅबची' हा प्रश्नच अर्धवट आहे. जात, जमीन, वय, काढणीची वेळ, वाळवण या सगळ्यांवर कस ठरतो, आणि तो मोजता येतो. टेस्ट सर्टिफिकेटशिवाय आपण सळई घेत नाही, मग औषध का घ्यावं? पाकिटावर 'जंगली' लिहिण्याऐवजी सॅपोनिनचं प्रमाण लिहा. त्यासाठी एचपीएलसी यंत्र लागतं, ते महाग असतं, मान्य. मग शेतकऱ्याला बाजारात नेता येईल असं स्वस्त उपकरण हा आपल्या फायनल इयरचा प्रोजेक्ट का होऊ नये? दरवर्षी तीच लाइन फॉलोअर गाडी किती दिवस पळवायची?

मोठे बाबा आता सोयाबीन पेरतात, मुसळीचं नाव काढू देत नाहीत. त्या दिवशी त्यांच्या हातात एक आकडा असता, तर त्यांना व्यापाऱ्याशी निदान भांडता तरी आलं असतं.