आपत्तीकाळातील बिनतारी संपर्क आणि आपली जबाबदारी

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी कच्छची भूमी हादरली. भुजचे सरकारी रुग्णालयच कोसळले आणि दूरध्वनी व्यवस्थाही कोलमडली. तेव्हा हॅम रेडिओच्या हौशी मंडळींनी संपर्काचा दुवा सांधला. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअरहून श्रीमती भारती प्रसाद व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच कार्य केले. त्यांचे ऋण मान्य करूनही आपण डॉक्टरांनी एक प्रश्न विचारायला हवा : रुग्णाची माहिती या मार्गाने पाठवावी काय?

हॅम रेडिओवरील संभाषण खुले असते. ते कूटबद्ध करण्यास नियमांची मनाई आहे. ‘सलाईन संपले, रुग्णवाहिका पाठवा’ हा निरोप जगाने ऐकला तरी हरकत नाही. परंतु अडलेल्या बाळंतिणीचे नाव व तिची एचआयव्हीबाधा आकाशवाणीसारखी प्रसृत व्हावी, हे कोणत्या नीतीत बसते? आपत्ती आली म्हणून वैद्यकीय गुप्ततेचे बंधन सुटत नाही.

आज यावर उपाय उपलब्ध आहे. ‘लोरा’ तंत्रावर चालणारी, मुठीत मावणारी यंत्रे भ्रमणध्वनीला जोडून लेखी संदेश पाठविता येतात. एका यंत्राचा संदेश दुसरे पुढे नेते. मोकळ्या मैदानात हा पल्ला काही किलोमीटर असतो. इमारतींच्या दाटीत तो बराच घटतो. आवाज वा क्ष-किरणचित्रे मात्र यावरून जात नाहीत. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात, विहित शक्तिमर्यादेत, मंजुरीप्राप्त यंत्रांना आपल्या देशात स्वतंत्र परवाना लागत नाही.

तथापि यंत्र विकत घेतले म्हणजे गुप्तता आली असे नव्हे. ‘मेशटास्टिक’ या प्रचलित प्रणालीत आरंभी दिलेली सांकेतिक किल्ली सर्वत्र एकच व सर्वज्ञात असते. ती न बदलता केलेला संवाद उघडाच राहतो. स्वतःची किल्ली तयार करणे, ती समक्ष देणे आणि एखादे यंत्र हरवल्यास उरलेल्या सर्व यंत्रांवर ती बदलणे, हे आधी शिकावे लागते.

‘यंत्रे तंत्रज्ञांनी सांभाळावीत, डॉक्टरांनी उपचार पाहावेत,’ असे काही सन्मित्र म्हणतील. पण कोणती माहिती पाठवायची, कोणती झाकायची, हा निर्णय वैद्यकीयच आहे. शिवाय पुराने वेढलेल्या उपकेंद्रात तंत्रज्ञ असेलच याची शाश्वती नाही. हृदयपुनरुज्जीवनाचा सराव आपण पुतळ्यावर आधी करतो, तसाच हाही करावा.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुराने बडोद्याची काय दशा केली, हे आपण पाहिले आहे. म्हणून दरवर्षी पावसाळ्यापूर्वी एका रविवारी सभासदांनी शहराच्या निरनिराळ्या भागांतील गच्च्यांवरून परस्परांना सरावाचे संदेश पाठवावेत. नावाऐवजी क्रमांक, मग वय, निकडीचा रंग आणि हवी असलेली मदत, एवढाच मजकूर असावा. मंडळाच्या कार्यकारिणीने या सूचनेचा अगत्यपूर्वक विचार करावा, ही नम्र विनंती.