हार्डडिस्क बंद पडली, दोष कुणाचा?

गेल्या उन्हाळ्यात माझी पोर्टेबल हार्डडिस्क चालू असताना टेबलावरून खाली पडली. पुन्हा लॅपटॉपला जोडली तेव्हा आतून ‘टक... टक... टक...’ एवढाच आवाज आला. तिच्यात १९ मुलाखती होत्या. १९७८ ते १९९४ या काळात नामांतरासाठी मोर्चे काढलेल्या, तुरुंगात गेलेल्या, घर जळताना पाहिलेल्या माणसांच्या. एम.ए. झाल्यापासून सहा वर्षे मराठवाड्यात फिरून मी त्या रेकॉर्ड केल्या होत्या. त्यातले चार जण आता हयात नाहीत. आणि या सगळ्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

पुढच्या दोन दिवसांत मी काय केले ते प्रामाणिकपणे सांगते, कारण बहुतेक जण हेच करतात. केबल काढून पाच-सहा वेळा पुन्हा लावली. ‘फ्रीजरमध्ये ठेव, चालू होते’ असा सल्ला एकाने दिला, तो सुदैवाने ऐकला नाही. मग ओळखीच्या दुकानात दिली. तिथे रात्रभर रिकव्हरीचे सॉफ्टवेअर चालवले गेले. सकाळी डिस्क दिसायचीच बंद झाली.

हे का झाले ते नंतर समजून घेतले. या डिस्कमध्ये गुळगुळीत तबकड्या असतात. बहुतेक पोर्टेबल डिस्कमध्ये त्या मिनिटाला सुमारे ५४०० वेळा फिरतात. त्यांच्यावर वाचणारे ‘हेड’ न टेकता काही नॅनोमीटर अंतरावरून सरकते. आपला केस त्यापेक्षा हजारो पटींनी जाड असतो. म्हणून घरी झाकण उघडले तर धुळीचा एक कणही घात करतो. हेडला मार बसला की ‘टक-टक’ आवाज येतो, आणि त्यानंतर दिलेला प्रत्येक करंट म्हणजे तबकडी खरवडण्याची आणखी एक संधी. ‘एकदा बघू तरी’ म्हणत आपणच उरलेला डेटा मारतो. फ्रीजरमुळे आत बाष्प धरते, ते आणखी वाईट.

म्हणून आधी बिघाड ओळखा. डिस्क दिसतच नसेल पण आवाज विचित्र नसेल, तर दुसरी केबल आणि दुसरा पोर्ट लावून पाहा. पुष्कळदा वीजच कमी पडत असते. ‘फॉरमॅट करा’ अशी सूचना आली तर ‘नाही’ म्हणा. डिस्क फार संथ झाली, अडकू लागली, तर तिच्यावर दुरुस्तीची कमांड चालवू नका. आधी ‘डीडीरेस्क्यू’सारख्या मोफत साधनाने संपूर्ण डिस्कची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या. ते चांगला भाग आधी उचलते आणि खराब भागाकडे नंतर वळते. मग त्या प्रतीवर ‘टेस्टडिस्क’ किंवा ‘फोटोरेक’ चालवा, आणि मिळालेल्या फाइल तिसरीकडे साठवा. पण टक-टक आवाज येत असेल तर काहीच करू नका. वीज काढा आणि धूळविरहित खोली असलेल्या प्रयोगशाळेत द्या. तिथे त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचे हेड बसवून डेटा वाचला जातो.

मीही शेवटी तेच केले. खर्च माझ्या दोन महिन्यांच्या मानधनापेक्षा जास्त होता. कार्यकर्त्यांनी वर्गणी काढली. १३ मुलाखती पूर्ण मिळाल्या, दोन तुटक, चार गेल्या. त्या चारांतल्या एक आजी आता नाहीत.

आता मूळ प्रश्न. दोष कुणाचा? कंपनीचा? दुकानदाराचा? माझ्या मते पहिला दोष माझा. यंत्र कधी ना कधी बंद पडणारच. पण १९ माणसांच्या आठवणी एका कपाटात, एका डब्यात ठेवण्याचा निर्णय यंत्राने घेतला नव्हता. मी त्याला ‘माझे संशोधन’ म्हणत होते. ज्यांचे आयुष्य रेकॉर्ड केले त्यांच्या हाती एकही प्रत दिली नव्हती. समाजशास्त्रात आपण ज्ञानाच्या मक्तेदारीवर पानेच्या पाने लिहितो. मग ही काय होती?

बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांचे अप्रकाशित लिखाण वर्षानुवर्षे पेट्यांमध्ये पडून होते. शासनाच्या ग्रंथमालेचा पहिला खंड आला १९७९ साली. लिखाण एकाच ताब्यात राहिले की समाज त्याला मुकतो, हे आपल्याला ठाऊक आहे. तरीही आज चळवळीचे किती फोटो, किती भाषणे, किती हस्तलिखिते कुणाच्या तरी एकाच डिस्कमध्ये आहेत?

कुणी म्हणेल, क्लाउडवर टाका. जरूर टाका, पण तीही एकच प्रत. सिंक चालू असेल तर इथे पुसलेले तिथेही पुसले जाते. कुणी म्हणेल, साक्षींमध्ये गावातल्या लोकांची नावे असतात, प्रती वाटल्या तर बोलणाऱ्यालाच त्रास होईल. हा आक्षेप रास्त आहे. म्हणून जाहीर करू नका. बोलणाऱ्याला विचारा, त्याची मुलाखत त्याच्या घरी द्या, आणि एक बंद प्रत संस्थेकडे ठेवा. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी, हा साधा नियम आहे. पैशाचे कारण तर टिकतच नाही. एका तासाची मुलाखत साध्या एमपीथ्रीत साठेक एमबी होते. माझ्या सगळ्या मुलाखती चार जीबीच्या पेनड्राइव्हवर मावल्या असत्या.

त्या आजींच्या नातीने दोन वर्षांपूर्वी मला विचारले होते, “ताई, आजीचं बोलणं माझ्या मोबाइलवर टाकता का?” मी म्हणाले होते, “पुस्तक झाल्यावर देते.” मागच्या महिन्यात तिला खरे सांगायला गेले. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “तेव्हा दिलं असतं तर माझ्याकडे राहिलं असतं ना, ताई?”

तिला द्यायला माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्याकडे अजून वेळ आहे. ज्याचे आहे त्याला त्याची प्रत आजच द्या.

जय भीम.