ऋणनिर्देशाचे पान

पुस्तक हाती आले की आपण काय करतो? प्रस्तावना ओलांडतो, ऋणनिर्देशाकडे तर बघतही नाही आणि सरळ पहिले प्रकरण उघडतो. मीही त्यातलीच. पण गेल्या पावसाळ्यात अशाच एका पानाने माझ्या धाकट्या जावेच्या पाटल्या वाचवल्या. आज तीच हकीकत सांगते.

आमच्या जाऊबाई अर्जुनी-मोरगावकडच्या. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेल्या. लहानपणी वडिलांबरोबर भाताच्या बांधीत जाताना सारसांची जोडी पाहायच्या, तेच वेड मनात राहिले. महाराष्ट्रात सारस आता उरलाय तो मुख्यतः आपल्या गोंदिया जिल्ह्यात आणि आसपास. भातशेती आणि जुने तलाव हेच त्याचे घर. याच विषयावर पीएच.डी. करायची म्हणून मुलगी तीन वर्षांची झाल्यावर त्यांनी नाव नोंदवले. भाऊजींचा पाठिंबा होता; अडले ते पैशापाशी. फी, पुस्तके, दुर्बीण, आठवड्यातून तीनदा तलावावर जायचे तर गाडीचे पेट्रोल! एका संध्याकाळी बघते तर बाईसाहेब पाटल्या रुमालात बांधून बसलेल्या. "ताई, सोनाराकडे येता का माझ्यासोबत?"

मी म्हटले, "थांब, आधी शिष्यवृत्तीचे बघू."

तर माजघरातून सासूबाई म्हणाल्या, "पोरीले आता आणखी किती शिकवाचं बाई? अन् लोकायपुढं हात कायले पसरवाचे?"

त्या वाईट मनाच्या नाहीत हो! उसनेपासने न करता संसार केला, याचा त्यांना अभिमान आहे, आणि तो खराच आहे. पण शिष्यवृत्ती म्हणजे भीक, ही समजूत आपल्या पुष्कळ घरांत आहे. मी त्यांना एवढेच म्हटले, "आई, १९१३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिकेला शिकायला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षे. ती भीक होती का?" सासूबाई काही बोलल्या नाहीत. पण जाऊबाईंनी रुमाल पुन्हा कपाटात ठेवला.

आता शोधायचे कुठे? आदल्या वर्षी एका शिष्यवृत्तीची जाहिरात त्यांच्या हाती पडली ती मुदत संपायला चार दिवस असताना. उत्पन्नाचा दाखला वेळेत मिळाला नाही आणि वर्ष गेले. म्हणून या खेपेला मी शाळेतून एक दिवसाची रजा काढली आणि दोघी सकाळच्या गाडीने नागपूरला विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेलो. अमेरिकेत काही विद्यापीठांच्या ग्रंथालयांत विद्यार्थ्यांना बाहेरची मदत शोधून देण्यासाठी खास माणसे नेमलेली असतात म्हणे. आपल्याकडे तसे खिडकीवर लिहिलेले नसते, पण विचारले तर सांगणारी माणसे असतात. तिथल्या एका वयस्क ग्रंथपालबाईंनी आमचे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तुमच्या विषयावर आधी ज्यांनी काम केलंय, त्यांचे प्रबंध काढा. प्रबंध मागाहून वाचा. आधी ऋणनिर्देश वाचा. पैसे कोणी दिले ते तिथेच लिहिलेलं असतं."

इतके साधे! जेवण आवडले की आपण विचारतोच ना, तांदूळ कुठून आणलात म्हणून?

देशभरातले प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात. गांधीनगरची इन्फ्लिबनेट ही संस्था ते चालवते. त्या दिवशी आम्ही तिथेच बसून पाणपक्षी, तलाव आणि भातशेती या विषयांवरचे बरेच प्रबंध चाळले, उरलेले घरी मोबाइलवर. आईवडील, गुरू, ग्रंथपाल यांचे आभार मानून झाले की एक ओळ हमखास सापडते, अमुक संस्थेच्या आर्थिक साहाय्याबद्दल आभारी आहे. ते नाव वहीत उतरवायचे आणि त्या संस्थेची आजची माहिती तिच्याच संकेतस्थळावर जाऊन पाहायची.

वहीत आम्ही तीन रकाने केले. फी, पोट आणि फिरती. घरखर्चात किराण्याचे पैसे वेगळे, दुधाचे वेगळे ठेवतो तसे. कारण प्रत्येक संस्था प्रत्येक खर्चाला पैसे देत नाही. इंग्लंडचे रफर्ड फाउंडेशन निसर्गरक्षणाच्या छोट्या प्रकल्पांना मदत करते. म्हणजे ते फिरतीच्या रकान्यात, फीच्या नव्हे.

पोटाच्या रकान्यात सगळ्यात मोठे नाव कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीचे, म्हणजे जेआरएफचे. त्यासाठी नेट परीक्षा द्यावी लागते, विज्ञानाच्या विषयांसाठी सीएसआयआर-यूजीसीची. १ जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम पहिली दोन वर्षे महिना ३७,००० रुपये आणि पुढे ४२,००० अशी ठरली. वयाच्या अटीत स्त्रियांना ५ वर्षांची सूट आहे, हे लक्षात असू द्या. 'आता वय झाले' असे आपणच ठरवून टाकतो! आईवडिलांच्या एकुलत्या एक मुलीसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची सावित्रीबाई जोतीराव फुले यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. विज्ञानात पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांसाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची 'वाइज-पीएचडी' योजना आहे. राज्यात अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागासवर्गीयांसाठी महाज्योती आणि आदिवासींसाठी टीआरटीआय. यांतली महाज्योती तर नागपुरातच आहे. आणि परदेशी जायचे असेल तर १८९२ साली सुरू झालेला जे. एन. टाटा एन्डोमेंट आहे. मात्र ती कर्जरूप शिष्यवृत्ती आहे, परत फेडायची असते.

आता थोडे घरगुती शहाणपण, अनुभवातून आलेले:

कागदांची पिशवी जाहिरातीच्या आधीच भरून ठेवा. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जातीचे व पडताळणीचे प्रमाणपत्र, लागत असेल तर नॉन-क्रीमिलेअर, गुणपत्रिका, आधार जोडलेले बँकेचे खाते. पापड उन्हाळ्यातच करून ठेवतो ना, पाऊस लागल्यावर नाही!

लग्नानंतरच्या नावाकडे लक्ष द्या. आपली गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरच्या. जाऊबाईंचा एक अर्ज याच कारणाने परत आला होता. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद जवळ असू द्या.

अटी दोनदा वाचा. बऱ्याच ठिकाणी पूर्णवेळ संशोधन लागते, आणि एका वेळी दोन शिष्यवृत्त्या सहसा घेता येत नाहीत.

पत्र लिहायला घ्याल तेव्हा घरची अडचण दोन ओळींत सांगा आणि कामाविषयी दोन पाने लिहा. जाऊबाईंचा पहिला मसुदा सगळा रडण्याचाच होता. मी शिक्षिकेची लाल शाई काढली! दुसऱ्या मसुद्यात सारस आला, बांधीतले घरटे आले, आणि कापणीच्या वेळी घरट्याभोवतीचा तुकडा तसाच उभा ठेवणारा त्यांच्या माहेरचा शेतकरी आला.

आणि शिष्यवृत्ती मिळवून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा.

मैत्रिणींनो, तुम्ही विचाराल, मग जाऊबाईंना पैसे मिळाले का? खरे सांगते, चार अर्ज केले. दोन नकार आले. एका ठिकाणाहून फिरतीपुरती छोटी रक्कम मंजूर झाली. दुर्बीण आली आणि पेट्रोलची सोय झाली. चौथ्याचे उत्तर यायचे आहे, आणि नेटचा अभ्यास पहाटे चार वाजता सुरू आहे. पाटल्या मात्र कपाटातच आहेत.

तुमच्या घरात, शेजारात अशी एखादी सून, भाची, पुतणी असेल. बी.ए. झाल्यावर मला पुढे शिकायचे होते, पण कुठे विचारायचे हेच ठाऊक नव्हते, घरात कोणालाच नव्हते. पैसे नव्हते हे दुसरे कारण, पहिले हेच. म्हणून सांगते, तिला निदान ग्रंथालयापर्यंत सोबत करा.

परवा पोस्टमन दिसला तशा सासूबाई ओसरीवर आल्या. हळूच म्हणाल्या, "काय वो पोरी, आलं काय त्या सारसवाल्यायचं पत्र?"

सध्या आमच्या घरात त्या उत्तराची वाट सगळ्यात जास्त कोण बघते, हे आता सांगायला नकोच!