पुडी नंतर, आधी वैरण बघा



गेल्या उन्हाळ्यात आम्ही अलिबाग-मुरूडच्या किनाऱ्याला गेलो होतो. तिकडे भात मुबलक, ऊस नावाला. दारोदार पेंढ्याच्या उडव्या, आणि गोठ्यात बरगड्या मोजाव्यात अशी जनावरं. एका खुंटीला मात्र ताकदीच्या पावडरीची महागडी पिशवी! आम्हाला हसू आलं नाही. गळीत सुरू झालं की आपणही बैलापुढं नुसतं वाढं टाकतो आणि पुड्या शोधत हिंडतोच की!

दुखणं दोन्हीकडं सारखंच आहे. भाताच्या पेंढ्यात प्रथिनं जेमतेम 3-4 टक्के. शिवाय पेंढ्यात आणि वाढ्यात ऑक्झलेट असतं. ते कॅल्शियम पोटातच बांधून ठेवतं, अंगी लागू देत नाही.

अमेरिकेत मांसासाठी धान्यावर पोसलेल्या जनावरांना 1975 पासून मोनेन्सिन देतात. त्यानं कमी खाद्यात तेवढंच वजन भरतं, हे खरं. पण तेच घोड्याला विष ठरतं, आणि वाढीसाठी ते वापरायला युरोपनं 2006 पासून बंदी घातली. आपला बैल ओढकामाचा, गाय दुधाची. उपाशी पोटाला पुडी काय करणार?

आमचं मत स्पष्ट आहे. 100 किलो पेंढ्यावर 4 किलो युरिया 40-50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून सारखा शिंपडावा, दाबून 21 दिवस झाकून ठेवावं, उग्र वास उडाल्यावर थोडं थोडं घालावं. प्रथिनं जवळजवळ दुप्पट होतात. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी, सोबत खनिज मिश्रण द्यावं. मात्र युरिया पाण्यातून पाजू नये, सहा महिन्यांच्या आतल्या वासराला तर मुळीच नको. हयगय झाली तर जनावर दगावतं. पहिल्या वेळी पशुवैद्याला विचारूनच करावं.

आणि एक मागणी. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं युरिया, मळी आणि खनिजांची चाटण-वीट शेतकऱ्यांपर्यंत नेली. त्यातली मळी तर आपल्याच कारखान्याची! ती सगळी आसवनीला जाते, सभासदाच्या गोठ्याला थेंब नाही. परवान्याची कटकट आम्हालाही ठाऊक आहे. तरी संचालक मंडळानं थोडी मळी राखून अशा विटा ना नफा ना तोटा दरानं द्याव्यात. ऊस आपण पिकवला. त्याचा गोडवा आपल्या बैलाच्या तोंडीही लागू दे. येत्या वार्षिक सभेत हा विषय आपण सर्वांनी मिळून मांडू या.