दोन देश, दोन कायदामंत्री

परवा आमचा नातू मोर्णेकाठून क्रिकेट खेळून आला आणि म्हणाला, "आबा, आज आमी पाकिस्तानले हरवलं!" आम्ही विचारले, "जुन्या शहरात पाकिस्तान कुठून आला रे?" तो म्हणाला, "पलीकडच्या गल्लीतले पोट्टे."

आमच्या पोटात गोळाच आला. त्या पोरांच्या आजोबांनी आमच्यासोबत जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलल्या आहेत. मे 2023 मध्ये याच जुन्या शहरात दंगल झाली, एक जीव गेला. ते आम्ही विसरलेलो नाही.

जेवणानंतर नातवाला जवळ बसवले. "आपल्या देशाचे पहिले कायदामंत्री कोण?" "बाबासाहेब!" "आणि पाकिस्तानचे?" नातू गप्प.

वाचकहो, त्यांचे नाव जोगेंद्रनाथ मंडल. पूर्व बंगालातील नमःशूद्र समाजाचे पुत्र. 1946 साली मुंबई प्रांतातून बाबासाहेबांना घटना समितीत जाण्याची वाट उरली नाही, तेव्हा मंडल व त्यांच्या साथीदारांनी त्यांना बंगालमधून निवडून पाठवले. फाळणीत ती जागा गेली आणि जुलै 1947 मध्ये बाबासाहेब मुंबईतून पुन्हा निवडून आले. मंडल पाकिस्तानात गेले. 10 ऑगस्ट 1947 रोजी कराचीत तिथल्या घटना समितीची पहिली बैठक त्यांच्याच अध्यक्षतेखाली झाली. म्हणजे दोन्ही देशांचे पहिले कायदामंत्री आपल्यासारख्याच गावकुसाबाहेरच्या समाजातले!

पण पुढे काय झाले? पूर्व बंगालात अल्पसंख्याकांवर झालेले अत्याचार पाहून मंडल यांनी ऑक्टोबर 1950 मध्ये राजीनामा दिला व ते कलकत्त्यास आले. इकडे हिंदू कोड बिल रखडल्यावर सप्टेंबर 1951 मध्ये बाबासाहेबांनीही मंत्रिपद सोडले.

आज आपल्या शाळेच्या पुस्तकात फाळणी म्हणजे घर फुटल्याचे दुःख. तिकडच्या पुस्तकात तोच देशाचा जन्म. इकडे जिना खलनायक, तिकडे राष्ट्रपिता. या भांडणात मंडल मात्र कोणाच्याच कामाचे नाहीत. म्हणून दोघांनीही त्यांना विसरून टाकले.

आणखी एक गोष्ट अशीच विसरली गेली. डिसेंबर 1947 मध्ये बाबासाहेबांनी पंडित नेहरूंना पत्र लिहिले. पाकिस्तानातून निघू पाहणाऱ्या अस्पृश्यांना अडवले जात होते, कारण त्यांचे सफाईचे काम 'आवश्यक सेवा' ठरले होते. झेंडा बदलला, पण हातातला झाडू कोणी सुटू दिला नाही. इकडे तरी गटारात उतरणारा माणूस कोणत्या समाजाचा असतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

मायबहिणींनो, शाळेचे पुस्तक हे सांगणार नाही. ते आपल्यालाच चुलीजवळ बसून सांगावे लागेल. ज्यांना शतकानुशतके नावे ठेवली गेली, त्यांच्या लेकरांनी शेजाऱ्याला नाव ठेवावे, हे आपल्याला शोभत नाही.

नातू शेवटी म्हणाला, "मंग टीमचं नाव काय ठेवू?" आम्ही म्हणालो, "एक मोर्णा, एक असदगड. दोन्ही आपलेच."

जयभीम!