बँकेचं पान उघडत नाही तेव्हा

वडूजच्या एका वाचक भगिनीनं विचारलं आहे : मोठा मुलगा दुबईला, तो पैसे खात्यावर पाठवतो. धाकट्याची कॉलेजची फी नेट बँकिंगनं भरायची, मुदत दोन दिवसांवर. आणि घरातला जुना कॉम्प्युटर बँकेचं पान उघडायलाच तयार नाही. लाल त्रिकोण दाखवतो आणि ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ म्हणतो. खातं कुणी फोडलं तर नाही ना?

नाही. आधी पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख बघा. तिथं २००९ किंवा असंच एखादं जुनं साल दिसलं, तर दुखणं तिथंच आहे. बँकेची साइट उघडताना ती आपलं प्रमाणपत्र दाखवते. ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत’ अशी त्याची मुदत असते, साधारण वर्षभराची किंवा त्याहून कमी. कॉम्प्युटरला अजून २००९च चाललंय असं वाटत असेल, तर हे प्रमाणपत्र त्याच्या हिशेबानं अजून सुरूच झालेलं नाही. म्हणून तो अडवतो. तारीख, वेळ नीट करा, ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा. वीज गेली की तारीख पुन्हा मागे जात असेल, तर आत नाण्याएवढी चपटी बॅटरी असते, ती संपली आहे. दुकानात ‘सीआर २०३२’ म्हणून मागा, किंमत किरकोळ आहे. मोबाइलवर हीच गत झाली तर सेटिंगमध्ये तारीख ‘ऑटोमॅटिक’ करून ठेवा.

त्या पानावर ‘ॲडव्हान्स्ड’ दाबून पुढं जायची वाट असते. शेजारचा पोरगा मोठ्या हौसेनं ती दाखवेल. बँकेच्या बाबतीत त्या वाटेनं जायचंच नाही.

तारीख बरोबर असूनही अडत असेल तर कॉम्प्युटरचं वय विचारा. विंडोज ७ वर क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, २०२३ च्या सुरुवातीची. त्यानंतर सुधारणा बंद. अशा मशीनवर आज साइट उघडली तरी पैशांचे व्यवहार नकोत. त्यापेक्षा घरातल्या नव्या फोनवर बँकेचं ॲप बरं.

‘धिस साइट कान्ट बी रीच्ड’ आलं तर गोष्ट वेगळी. दुसरी एखादी साइट उघडते का बघा. उघडत असेल तर जतन करून ठेवलेला बँकेचा पत्ता जुना झाला असेल. रिझर्व्ह बँकेनं बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर जायला सांगितलं होतं, भामट्यांच्या नकली साइटी ओळखता याव्यात म्हणून. नवा पत्ता पासबुकावर बघा नाहीतर शाखेत विचारा. आणि ‘बँक डॉट इन’ हे नावाच्या अगदी शेवटी हवं. त्याच्या पुढं आणखी एखादं ‘डॉट कॉम’ चिकटलं असेल तर ती साइट बँकेची नव्हे.

‘सेशन एक्स्पायर्ड’ला घाबरू नका. मध्येच मागचं बटण दाबलं, दोन खिडक्यांत लॉगिन केलं किंवा चहाला उठलात की बँक दार लावून घेते. पुन्हा लॉगिन करा. वारंवार होत असेल तर फक्त त्या साइटच्या कुकीज पुसा. सगळ्या पुसल्या तर घरभर पासवर्ड शोधत बसाल.

फी भरताना पान अडकलं आणि पैसे कापल्याचा मेसेज आला, तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी खात्याचा उतारा बघा, कॉलेजकडं चौकशी करा. यूपीआय किंवा आयएमपीएसनं कुणाच्या खात्यावर पाठवलेले पैसे कापले जाऊन पोहोचले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे ते व्यवहारानंतर एका दिवसात परत यायला हवेत. त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई, तीही न मागता.

एवढं करूनही जमलं नाही तर गूगलवर ‘कस्टमर केअर’ नंबर शोधू नका. खरी फसवणूक तिथं होते. समोरचा गोड बोलून एखादं ॲप टाकायला सांगतो, आणि तुमचा पडदा त्याला दिसू लागतो. नंबर एटीएम कार्डाच्या मागं छापलेला असतो, तोच लावा. पैसे गेलेच तर त्याच घटकेला १९३० वर फोन करा, अब्बा घरी येईपर्यंत थांबू नका.

आणि मुदत दोन दिवसांवरच असेल, तर उद्या सकाळी पासबुक घेऊन सरळ शाखेत जा. कॉलेजच्या खात्याचा नंबर आणि आयएफएससी कोड तेवढा लिहून न्या.